बीफ बेकन, घरची चूल आणि वर्ज्यावर्ज्याचा विचार

बेकन म्हणजे मिठात मुरवलेले, धुरी दिलेले आणि पातळ काप करून तव्यावर परतलेले मांस. युरोप-अमेरिकेत ते डुकराच्या मांसाचे, बहुधा पोटाकडच्या चरबीदार भागाचे, करतात. इस्लाम आणि यहुदी धर्म या दोहोंत डुकराचे मांस निषिद्ध आहे. त्यामुळे या समाजांतील अनेक घरांत तीच कृती गोवंशाच्या मांसावर केली जाऊ लागली आणि बीफ बेकन हा पदार्थ रूढ झाला. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. जळगावच्या मेहरूण भागातल्या एखाद्या मुस्लिम घरात हा पदार्थ करायचा ठरला, तर तो म्हशीच्या किंवा रेड्याच्या, म्हणजे बोलीतल्या ‘मोठ्याच्या’, मांसाचाच करावा लागेल.

पदार्थ साधा आहे, पण त्यातून उभा राहणारा प्रश्न जुना आणि खोल आहे. जे खाणे धर्माने वर्ज्य ठरवले, त्याची चव आणि रूप दुसऱ्या, वर्ज्य नसलेल्या वस्तूतून मुद्दाम निर्माण केले तर निषेध मोडतो का? आणि एका धर्माने शुद्ध मानलेली वस्तू शेजारच्या धर्माला दुखावणारी असेल, तर घरच्या चुलीवर नेमका कोणाचा अधिकार चालतो?

कृती आणि तिच्यातील धर्मदृष्ट्या नाजूक जागा

बेकनसाठी पोटाचा किंवा छातीखालचा चरबीचे पदर असलेला भाग लागतो. म्हशीची चरबी पांढरी आणि स्नायूंचे धागे जाड असतात, म्हणून काप धाग्यांना आडवे घ्यावे लागतात. एक किलो मांसाला साधारण २० ते २५ ग्रॅम मीठ, १० ग्रॅम साखर किंवा गूळ आणि भरडलेली मिरी चोळून ते बंद पिशवीत, शीतकपाटात ४ अंश सेल्सिअसखाली पाच ते सात दिवस ठेवतात आणि रोज उलटतात. बेकनचा गुलाबी रंग आणि ओळखीची चव सोडियम नायट्राइटमुळे येते. ६.२५ टक्के नायट्राइट असलेले तयार मीठ वापरायचे असेल, तर किलोला अडीच ग्रॅमच, तेही काट्यावर मोजून घ्यावे लागते. ते अंदाजाने घालणे धोक्याचे आहे, कारण जास्त नायट्राइट विषारी ठरते. दुसरीकडे, नायट्राइट न वापरता मुरवलेले मांस दीर्घकाळ ठेवले किंवा मंद आचेवर तासन्‌तास धुरवले, तर त्यात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. नायट्राइट नसेल तर मांस दोन दिवस मिठात ठेवून लगेच पूर्ण शिजवावे आणि थोड्याच दिवसांत संपवावे.

मुरलेले मांस धुऊन, कोरडे करून रात्रभर उघडे ठेवतात. मग १०० अंशांच्या आसपासच्या भट्टीत किंवा धुरात, आतले तापमान ६५ ते ७० अंशांपर्यंत जाईतो शिजवतात. भट्टी नसलेल्या घरात पेटत्या कोळशावर तुपाचा थेंब टाकून धुंगार देण्याची रीत आहे. कबाब आणि बिर्याणी करणाऱ्या मुस्लिम स्वयंपाकघरांत ती सर्रास दिसते. गार झाल्यावर पातळ काप करून ते मंद तव्यावर त्यांच्याच चरबीत परतले की बेकन तयार होते.

या कृतीत धर्मदृष्ट्या तपासाव्या लागणाऱ्या जागा थोड्या आहेत. पहिली म्हणजे जनावर कोणते आणि ते कसे कापले गेले. दुसरी म्हणजे विकतच्या मसाल्यात किंवा धुराच्या अर्कात मद्य किंवा डुकराची चरबी आहे का. तिसरी म्हणजे तवा-सुरी आधी कशासाठी वापरली गेली. मीठ, साखर, नायट्राइट आणि धूर यांना कोणत्याही धर्माची हरकत नाही. एवढे स्पष्ट झाले की खरा प्रश्न मोकळा होतो. साहित्य सगळे शुद्ध असेल, तरी पदार्थ शुद्ध ठरतो का?

आज्ञेवर उभा असलेला निषेध

इस्लाममध्ये अन्नाबाबत मूळ तत्त्व असे मानले जाते की वस्तू स्वभावतः वैध असतात आणि निषेधाला स्पष्ट आधार लागतो. कुराणात मेलेले जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि ईश्वराशिवाय दुसऱ्याच्या नावाने अर्पण केलेले जनावर ही निषिद्धे अनेक ठिकाणी सांगितली आहेत आणि प्राणसंकटात अडलेल्याला त्यांतही सवलत दिली आहे. या यादीत वस्तू आणि स्थिती आहेत. चव, वास किंवा कापाचा आकार नाही. म्हणून हलाल पद्धतीने कापलेल्या म्हशीचे मांस कोणत्याही रूपात आले, तरी वैधच राहते. म्हशीबाबत फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, परंपरेत वादही नाही. शास्त्रकार तिला गायीच्याच वर्गात धरतात, जकातीचे आणि कुर्बानीचे नियमही तेच लागू करतात. गायीप्रमाणे म्हशीच्या कुर्बानीतही सात जणांचा वाटा धरता येतो.

द्रव्य बदलले की निर्णय बदलतो, ही दृष्टी इस्लामी शास्त्रात इतरत्रही दिसते. दारू निषिद्ध आहे, पण तिचे आपोआप सिरक्यात रूपांतर झाले तर तो सिरका वैध मानला जातो, कारण जो गुण निषेधाचे कारण होता तो आता वस्तूत उरलेला नसतो. बेकनच्या बाबतीत तर निषिद्ध वस्तू मुळात कधी आलेलीच नसते.

तरीही या परंपरेत सावधगिरीचा एक धागा आहे. पैगंबरांच्या शिकवणीनुसार वैध आणि अवैध या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत, त्यांच्यामध्ये काही संशयास्पद गोष्टी आहेत आणि त्या टाळणारा आपला धर्म आणि अब्रू राखतो. दुसऱ्या एका प्रसंगी पैगंबर रात्री पत्नी सफियांना घरी पोहोचवत असताना दोन अन्सार, म्हणजे मदिनेतले साथीदार, तिथून गेले. पैगंबरांनी त्यांना थांबवून या सफिया आहेत असे सांगितले, कारण त्यांच्या मनात वाईट विचार यायला नको होता. या दोन शिकवणुकींचा अर्थ पदार्थ टाळावा असा होत नाही. पदार्थाबद्दल उघड आणि स्पष्ट असावे, हा त्यांचा रोख आहे. ताटात डुकराच्या बेकनसारखे दिसणारे काही असेल, तर ते कशाचे आहे हे जेवणाऱ्याला विचारावे लागू नये.

यहुदी परंपरेने हाच प्रश्न आणखी थेट हाताळला आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या हुल्लिन या भागात याल्ता नावाची विदुषी पती रब्बी नहमान यांना सांगते की तोराने जे जे वर्ज्य केले, त्याच्या चवीचे काहीतरी वैधही ठेवले आहे. रक्त वर्ज्य असले तरी यकृत चालते, आणि डुकराची चव शिबूता नावाच्या माशाच्या मेंदूत मिळते. म्हणजे निषिद्धाची चव घेण्याची इच्छा पाप मानलेली नाही. तिच्यासाठी वैध वाट आहे, एवढेच याल्ता सांगते. पुढे रब्बींनी एक अट घातली. मांसासोबत बदामाचे दूध वाढायचे असेल तर बाजूला बदाम ठेवावेत, म्हणजे मांस आणि दूध एकत्र खाण्याचा यहुदी निषेध मोडला असे पाहणाऱ्याला वाटणार नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा बेने इस्रायल समाज मांसाच्या रश्शात दूध-दही न घालता नारळाचे दूध घालतो. निषेध पाळून चव सांभाळण्याचे हे मराठी मुलखातले उत्तम उदाहरण आहे.

आज्ञेवर आधारलेल्या निषेधात ही स्पष्टता असते. आज्ञा जिथे थांबते तिथे मनाई थांबते, आणि तिच्या पलीकडे स्वतःहून नवी मनाई उभी करणे हा इस्लाममध्ये अतिरेकच मानला जातो. या कसोटीवर बीफ बेकन निर्दोष ठरते.

व्रत आणि अहिंसा

खानदेशातल्या हिंदू घरांना अनुकरणाचा प्रश्न अनोळखी नाही. एकादशीला धान्य वर्ज्य, म्हणून वरीच्या तांदळाची भगर, राजगिरा आणि साबुदाणा यांच्या भाजणीचे थालीपीठ होते. ते दिसायला रोजच्या थालीपिठासारखे असते आणि तेच समाधान देते, पण त्याने उपवास मोडला असे कोणी म्हणत नाही. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो ते झाड आणि बटाटा हे दोन्ही दक्षिण अमेरिकेतले आहेत. जुन्या व्रतग्रंथांना त्यांची नावेही माहीत नव्हती. तरीही ते धान्य नसल्यामुळे उपवासाला चालले. इथेही निर्णय द्रव्यावर झाला आहे, रूपावर नाही. मटणाच्या रश्शासाठी भाजला जाणारा कांदा-खोबऱ्याचा काळा मसाला शेवभाजीत आणि पाटोड्यांच्या रश्शातही जातो. त्याने त्या भाज्या मांसाहारी होत नाहीत.

व्रताचा हेतू मात्र आज्ञेपेक्षा वेगळा असतो. उपवास इंद्रियांना आवर घालण्यासाठी असेल, तर चवीची हौस पुरवणारा उपवासाचा पदार्थ नियम पाळतो आणि हेतू गमावतो. मुक्ताईनगरच्या वाटेने चालणारा माळकरी तुळशीची माळ घालतो, तेव्हा मांस आणि मद्य सोडण्याचा संकल्प करतो. त्याचे मूळ भूतदयेत आहे. अशा माणसाने सोयाबीनचे मटणासारखे तुकडे खाल्ले तर कोणताही जीव जात नाही, म्हणून त्याचा संकल्प शाबूत राहतो. पण मांसाच्या चवीची ओढ मनात धरून ठेवणे योग्य का, हा प्रश्न तो स्वतःला विचारू शकतो. त्याचे उत्तर त्याच्या साधनेवर अवलंबून आहे. बीफ बेकन त्याला वर्ज्यच आहे, कारण त्यात प्राणी मेलेला आहे. जैन दृष्टीही इथे अहिंसेच्या त्याच पायावर उभी आहे. या दोन्ही दृष्टींत गाय, म्हैस, बोकड आणि डुक्कर यांच्यात फरक उरत नाही, आणि यातच त्यांची नैतिक ताकद आहे.

पावित्र्याचा निषेध

गायीबद्दलचा निषेध याहून वेगळ्या जातीचा आहे. त्यात भूतदया असते, पण त्याचे केंद्र पूज्यता आहे. म्हणून गायीला आई मानणाऱ्या अनेक घरांत बोकड आणि कोंबडी शिजते, आणि देवीपुढे रेडा बळी देण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. हे तर्काला विसंगत वाटेल, पण पूज्यता तर्काच्या काट्यावर तोलली जात नाही. पूज्यता मानणाऱ्याला ती खरीच असते.

या प्रश्नावर मराठी विचारवंतांत एकमत कधीच नव्हते. विनोबा भावे यांनी १९७९ साली गोहत्याबंदीसाठी उपोषण केले. वि. दा. सावरकरांनी गाय उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, अशी उघड भूमिका घेतली. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात वेदकाळातील गोमांसभक्षणाचे पुरावे निःसंकोच मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडला. बौद्ध धर्माशी चाललेल्या स्पर्धेत ब्राह्मणांनी गोमांस सोडले, गाय पवित्र ठरली आणि मेलेल्या गुरांचे मांस खाणारे लोक अस्पृश्य ठरले, असे त्यांचे प्रतिपादन होते.

म्हशीचे बेकन पावित्र्याच्या या निषेधाला स्पर्श करत नाही, कारण ज्याची पूजा होते तो प्राणी त्यात नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला हे कळेलच असे नाही. गायीचे मांस आणि म्हशीचे मांस यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, आणि शिजल्यावर तर मुळीच नाही. म्हणून इथे मांस कुठून आले याची खात्री हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ठरते.

प्रतिष्ठेचा प्रश्न

निषेधाचा चौथा प्रकार धर्मग्रंथांत सापडत नाही, पण महाराष्ट्राच्या इतिहासात तो फार मोठा आहे. गावकीच्या कामात मेलेले जनावर ओढून नेणे महारांच्या वाट्याला होते आणि त्याचे मांस हेच अनेकदा त्यांचे अन्न होते. ते एकदम संपत नसे. लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवलेल्या चान्या पुढच्या टंचाईच्या दिवसांसाठी साठवल्या जात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद केली आहे. मांस टिकवण्याचे ज्ञान या मातीत बेकनच्या कितीतरी आधीपासून होते आणि समाजाने ज्यांना दूर ठेवले त्यांनीच ते जपले.

१९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे पावित्र्याची कल्पना नव्हती. लाचारीने स्वीकारलेले अन्न माणसाची प्रतिष्ठा खाते, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्या या भूमिकेतून अन्ननीतीची मौलिक कसोटी मिळते. तोच पदार्थ लादला गेला तर अपमान होतो आणि मोकळेपणी निवडला तर अधिकार होतो. मांस खाणे आणि मांस सोडणे या दोन्हींना ती सारखीच लागू आहे.

कायदा आणि घराचा उंबरठा

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा आहे. त्यातील १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीसोबत बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. कत्तलीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हैस आणि रेडा या पूर्ण बंदीत येत नाहीत; म्हशीच्या कत्तलीला सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण दुसऱ्या राज्यात कापलेल्या गोवंशाचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलमही टिकले नाही. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी जीवनाचा भाग आहे आणि राज्यघटनेच्या कलम २१ चे संरक्षण त्याला आहे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हा ही दृष्टी आणखी बळकट झाली.

धर्माच्या बाजूनेही कायद्याशी संघर्ष उरत नाही. १९५८ च्या हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बकरी ईदला गायीचीच कुर्बानी देणे हे मुस्लिमांवर बंधनकारक कर्तव्य नाही, असा निर्णय दिला. इस्लामी शास्त्रातही बोकड, मेंढा, म्हैस आणि उंट यांची कुर्बानी मान्य आहे. मेहरूणमधला मुसलमान गायीऐवजी म्हशीचे मांस शिजवतो, तेव्हा तो धर्मातले काहीही गमावत नाही आणि कायदाही पाळतो.

शेजारधर्म

मेहरूण हा हिंदू आणि मुस्लिम दोघांचाही भाग आहे. तिथल्या बोरांना आणि तलावाला जात-धर्म नाही. त्याच तलावावर शहरातले गणपती विसर्जनाला येतात. अशा ठिकाणी स्वयंपाकघराची खिडकी आणि शेजाऱ्याचे अंगण यांत अंतर थोडेच असते. इस्लामी परंपरेत शेजाऱ्याचा हक्क फार मोठा मानला आहे. रस्सा करताना पाणी थोडे जास्त घालून शेजाऱ्याला वाटावा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. पैगंबरांचे साथीदार अब्दुल्ला इब्न अम्र यांच्या घरी मेंढी कापली गेली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. शेजाऱ्याचा धर्म त्यांनी पाहिला नाही. शेजारीपण पाहिले.

खानदेशात या शिकवणीचा योग्य अर्थ लावायचा, तर शेजाऱ्याला चालेल तेच त्याच्या घरी पाठवावे लागते. ईदला हिंदू घरी जाणारा शीरखुर्मा हे त्याचे साधे उत्तर आहे. पाहुण्याला न सांगता बीफ बेकन वाढणे हा मात्र गंभीर अपराध आहे. पाहुणा माळकरी असो, गायीला मानणारा असो की मांसाचा स्रोत तपासणारा मुसलमान असो, त्याचा संकल्प त्याच्या नकळत मोडण्याचा अधिकार यजमानाला नाही. यहुद्यांनी बदाम ठेवण्याची अट याच जाणिवेतून घातली होती.

शेजारधर्माची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेजाऱ्याच्या घरी काय शिजते याचा वास घेत फिरणे, संशयावरून त्याच्या शीतकपाटाची झडती मागणे, त्याच्या ताटावरून त्याच्या देशनिष्ठेचा निकाल लावणे, हे कोणत्याही धर्माच्या शिकवणीत बसत नाही. गोभक्ताची पूज्यता त्याच्या स्वतःच्या आचरणातून दिसते. दुसऱ्याच्या घरात घुसून ती सिद्ध होत नाही.

निर्णय

चारही निषेध एकत्र ठेवून पाहिले की उत्तर स्पष्ट होते. आज्ञेचा निषेध द्रव्य पाहतो, म्हणून वैध मांसाचे बेकन वैध आहे. अहिंसेचा निषेध प्राण पाहतो, म्हणून तो पाळणाऱ्याला ते वर्ज्य आहे, मग चव कोणतीही असो. पावित्र्याचा निषेध प्राणी पाहतो, म्हणून मांस म्हशीचेच असल्याची खात्री करणे हे करणाऱ्याचे कर्तव्य आहे. प्रतिष्ठेची कसोटी निवडीचे स्वातंत्र्य पाहते, म्हणून खाणे आणि न खाणे दोन्ही सन्मानाने व्हायला हवे. प्रत्येक निषेध तो स्वीकारणाऱ्यालाच बांधतो. तो दुसऱ्यावर लादला की धर्म संपतो आणि जुलूम सुरू होतो.

घरी बीफ बेकन करणाऱ्याने विश्वासाच्या खाटकाकडून म्हशीचे मांस घ्यावे, पावती जपावी, नायट्राइट मोजून घालावे, मांस नीट शिजवावे आणि ताटात काय आहे ते प्रत्येक पाहुण्याला आधी सांगावे. ज्याला ते वर्ज्य आहे त्याने ते खाऊ नये, आणि शेजाऱ्याच्या चुलीचा निवाडा आपल्या हाती घेऊ नये.